उसनी चाकं

रॉन्डाने खोके आणून ठेवले गराजच्या दारात,
एकोणतीस.
"बाबा आता केअर होममध्ये. तिथे गोंदाचा वास चालत नाही.
तुम्हाला यातलं कळतं, म्हणून."

मला यातलं काय कळतं?
मला रबर कळतं.
अ‍ॅक्रनला आले तीच रबरासाठी;
एकतीस वर्षं टायर कंपनीच्या लॅबमध्ये
नमुने ताणले, तापवले, तुटेपर्यंत.
डेल्बर्ट योकम त्याच इमारतीत, खाली, साच्यांवर.
ओळख मात्र कुंपणापाशी झाली.
तळहातावर सुपारीएवढं चाक घेऊन आला
आणि विचारलं,
माझा टायर माझीच रिम का खातो?

सांगितलं: मऊ व्हिनाइलला मऊ ठेवणारं तेल
सावकाश पाझरतं,
शेजारच्या कडक प्लास्टिकात शिरतं, त्याला वितळवतं.
दोष कुणाचाच नाही. मध्ये काहीतरी हवं.
दुसऱ्या दिवशी बघते तर
चॉकलेटची चांदी कातरून
रिमभोवती बसवत होता,
जीभ दातांत धरून.

पहिल्या खोक्यात सत्तावनची कूपे, पोटावर बसलेली.
चाकांच्या जागी चिठ्ठी, शिसपेन्सिलीची:
चौसष्टच्या पिकअपला दिली.
पिकअपच्या पायात कूपेची चाकं आहेतच,
तिची स्वतःची गेलीत बेकरीच्या व्हॅनला,
व्हॅनची पुढची दोन एका रेसच्या गाडीला,
मागची दोन कुठे, ते खोडलंय.
काही बसलीच नव्हती मुळात.
एकास चोवीस आणि एकास पंचवीस,
कागदावर एकाचाच फरक,
पण मडगार्डच्या कमानीत नेमकी माशी शिंकते.
त्याचीही नोंद: घासतं. परत केली. माफ कर.
माफ कर कुणाला? पिकअपला?

आमच्याकडे उसनी आणलेली वाटी
रिकामी परत करत नाहीत.
हा गडी चाकं नेलेला खोकासुद्धा
रिकामा ठेवत नव्हता.

बाविसाव्यात पांढरी स्टेशन वॅगन.
सगळ्यांत नीट रंगवलेली,
दारांच्या मुठी टाचणीच्या टोकाने चमकवलेल्या.
फेब्रुवारी अठ्ठ्याण्णव.
चाकं शेजारच्या पोराला. परत मागायची नाहीत.

सलीलची लाकडी गाडी. स्काउटची शर्यत.
नियमाबाहेरची चाकं म्हणून
पहिल्याच फेरीत बाद केलं होतं त्याला.
रडला नाही. गाडी उशाशी घेऊन झोपला.
मीच ओरडले होते, लोकांकडे मागतोस काय?
आणि मनात म्हटलं होतं, असतील जास्तीची.
जास्तीचं असं काही
नव्हतंच त्या माणसाकडे.

टूसॉनला फोन केला. सलीलला आठवेना.
"कुठली गाडी, आई? मी मीटिंगमध्ये आहे."

तळघरात सापडली, वॉटर हीटरच्या मागे,
धुळीने राखाडी, तीन चाकांची.
चौथं शोधण्यात अख्खा शनिवार गेला
आणि एक हरवलेला झारा मिळाला.

खिळ्यासाठी पोराने भोकं मोठी केलेली;
वॅगनचा आस आत लडबडतो.
चिठ्ठीची कोरी कड कापली,
आसाला गुंडाळली, दोन वेढे,
अक्षरांना हात न लावता.
तीन चाकं बसली.
चौथ्या कोपऱ्याखाली जॅक लावला,
त्याच किटमधला, अजून फ्रेमला चिकटलेला होता.
पंक्चर काढायला कुणीतरी गेलंय,
येईलच एवढ्यात, असं दिसतं.

रविवारी नेणार आहे.
मला ओळखेल की नाही, रॉन्डालाही सांगता येत नाही.
पण गाडी हातात घेतली की
आधी टायर सरकवून बघेल,
मध्ये चांदी घातलीय का.
घातलीय.