कारण: पीकसंरक्षण

मडगावच्या कचेरीत, खिडकी क्रमांक सहा.
मुलगी विचारते, परवाना कशासाठी?
मान वर न करता.
मी म्हणतो, पिकासाठी.
बाप हेच सांगायचा. त्याच्याआधी आजोबा,
आद्मिनिस्त्रादोरपुढं टोपी काढून.
तीन पिढ्या आमच्या घरात
खोटं बोललं गेलं ते एकाच शब्दाचं,
तेही सरकारी.

डुकरं यायची हे खरं.
रिवणला आमच्या मळ्यात सकाळी बघावं
तर रताळ्यांचे वाफे उलथलेले,
केळीचा गाभा चघळून टाकलेला,
चिखलात खुरांची घाई.
पण डुक्कर काय रोज येतं?
आम्ही मात्र रोज जायचो.
मी, कायतान,
आणि पुढं बॅटरी धरून पुतू वेळीप,
ज्याच्या हातात आम्ही बंदूक कधी दिली नाही
आणि ज्याच्याशिवाय
आमची एक गोळी कशाला लागली नसती.

बापाची बेल्जियमची दुनळी.
डावी नळी गुणी, उजवी हट्टी.
दमट हवेत काडतूस फुगलेलं असलं
की घोडा पडायचा, टक,
आणि मग एक मोकळी जागा,
आणि मग आवाज.
त्या मोकळ्या जागेत मी काय काय जगलो
ते बायकोलाही सांगितलेलं नाही.

नंतर पॉइंट टू-टू आली.
एका डॉक्टरनं हात थरथरायला लागल्यावर विकलेली.
सडपातळ, अक्रोडी दस्त्याची,
गालाला लागते तिथं डॉक्टरच्या घामाचा डाग.
बोल्ट ओढला की
आपल्याच घराचं कुलूप उघडल्यासारखं वाटायचं.
तिनं उंदीर मारले.
शहाळी पोखरणारे, माडाच्या शेंड्यातले,
खाली झावळ्यांच्या ढिगावर उतरले की,
साठ पावलांवरून,
उजेडात दोन ठिणग्या दिसल्या की.
उंदीर खायचा नाही, विकायचा नाही.
गोळी चार रुपयांना, नारळ तेव्हा तीनला.
हिशेब कायताननंच मांडला एकदा,
हुर्राकचा ग्लास गुडघ्यावर ठेवून.
खूप हसला.
आणि पुन्हा बोल्ट ओढला.

एका रात्री कुळागराच्या कडेला
ठिणग्या दिसल्या त्या उंदराच्या नव्हत्या.
जरा वर होत्या. जरा लांब-लांब.
हलत नव्हत्या.
मी श्वास अर्धा सोडला, बोट आत घेतलं,
आणि पुतूनं बॅटरी मिटली.
सेल गेले, म्हणाला.
पाटाचं पाणी तेवढं ऐकू येत होतं.
परतताना, बांध ओलांडताना,
त्यानं मला वाट दाखवली
त्याच बॅटरीनं.
मी काही बोललो नाही. तोही.
कायतान मागं शीळ घालत होता.

पुतू गेला त्याला नऊ वर्षं झाली.
कायतान मुलीकडं स्विंडनला,
तिथं कुणाबरोबर शनिवारी सशांवर जातो.
फोनवर सांगतो, इथं कुणी पिकाबिकाचं नाव घेत नाहीत रे,
सरळ म्हणतात, मजा.
आणि थोडा वेळ गप्प राहतो.

मी दर महिन्याच्या पहिल्या रविवारी
दोन्ही उतरवतो. नळीतून गज फिरवतो,
चिंधी काळी येत नाही आता,
येते तशीच पांढरी.
तरी तेल घालतो.
निवडणूक लागली की पोलिसांत जमा करतो,
पावती घेतो,
आणि तेवढे दिवस नीट झोप लागत नाही.

एक-चौदाचा उतारा?
खिडकीतून हात येतो.
मी देतो.
ती वाचते, पहिल्यांदा वर बघते.
पीक म्हणून तर इथं पडीक लिहिलंय, अंकल.
पडद्यावर दुसराही पर्याय होता, खेळ.
काचेतून उलटा दिसत होता.
मी त्यावर बोट ठेवलं नाही.
मागं रांगेत कुणी तरी खोकलं.
घोडा पडून गेला होता.
मी त्या मोकळ्या जागेत उभा.

उंदीर आहेत, म्हणालो.
शेतात?
नाही. घरात.