रात्रपाळी, कोपनहेगन

पहिल्या रात्री मी मोजत बसलो.
मिनिटाला वीस, तासाला बाराशे,
दहा ते सहा : नऊ हजार सहाशे.
दुसऱ्या रात्री मोजणं सोडलं.
तळव्यालाच कळायला लागलं
रबरी पिशवी कधी दाबायची, कधी सोडायची.

बोदिल. वय अकरा. बापाचं सायकल दुरुस्तीचं दुकान.
ऑगस्टात ताप, मग पाय गेले, मग हात,
मग छातीच्या तळाशी घुमटासारखा ताणलेला तो पडदा
ज्याचं नावही तिनं कधी ऐकलं नव्हतं.

याच प्रकरणात मी तोंडी परीक्षेत नापास झालो होतो.
हवा आत कशी येते? – आपण ओढतो म्हणून.
मास्तर चष्मा पुसत म्हणाले,
ओढत कोणी नाही. आपण फक्त जागा करतो.
पडदा खाली सरकतो, फासळ्या वर उचलतात,
आणि हवा आपल्या पायांनी चालत येते.

इथं तिला ढकलावं लागतं.
गळ्याच्या भोकातून, नळीतून,
एका वाटेच्या दोन, दोनांच्या चार,
वीसेक फाटे ओलांडून
जिथं द्राक्षाच्या दाण्यांसारखे कोश लगडलेत तिथवर.
त्यांची साल इतकी पातळ
की अलीकडची हवा पलीकडच्या रक्ताला लागते.
दार नाही, पहारेकरी नाही,
जिथं जास्त तिथून जिथं कमी तिकडं,
एवढाच कायदा.
परत येणारा श्वास मात्र माझा नाही.
मी हात सैल करतो, फुप्फुस आपलं आपण मिटतं.

तिची नखं बघतो. निळी नाहीत.
पुस्तक वाचून दाखवतो, पान उलटायला नाक वापरतो.
ती डोळ्यांनी हसते. आवाज नळीखालीच राहतो.

रविवारी बाप आला. टोपी हातात.
बराच वेळ कान देऊन उभा राहिला, मग म्हणाला,
"जोडावर कुठंतरी सुटतंय."
खरंच सुटत होतं. मला आठवडाभर ऐकू आलं नव्हतं.
मग विचारलं, "मी दाबू?"
नखांत काळं ग्रीस. आधी घाईनं दाबलं,
तिनं डोळे मोठे केले, तसा तो थांबला,
आणि तिच्या चालीनं दाबू लागला.
मी रिकाम्या हातांनी बाजूला उभा,
तेव्हा लक्षात आलं, माझी छाती हलतेय.
कोणीही दाबत नसताना. इतकी वर्षं.

ऑक्टोबरातली एक पहाट. खिडकीवर दव.
मी दाबणार इतक्यात पिशवी
आपणहून किंचित आक्रसली.
हात तसाच राहिला हवेत.
मग पुन्हा काही नाही. गुरुवारपर्यंत काही नाही.
नोंदवहीत काय लिहावं सुचेना.
लिहिलं :
चार वाजून दहा. एक, तिचा.