सुई

दौलतगंजात विचारलं तर म्हणाले, जिन्सी नाल्यावर बघा.
जिन्सी नाल्यावर म्हणाले, ते वारले, मुलगा हार्डवेअर विकतो.
मुलाने पेचकस कानामागे खोवला,
रायफलीऐवजी माझ्याकडेच बघितलं:
"मॅडम, ये सिंगल वाली अब कौन खोलता है.
कंपू में एक हैं, लईक मिस्त्री.
पर वो आजकल सिलाई मशीन देखते हैं."

तीन दिवस. लायसनची झेरॉक्स, त्या झेरॉक्सची झेरॉक्स.
निवडणूक झाली, मालखान्यातून बंदूक सुटली,
मुन्शी दर वेळचंच हसला:
एक गोळी उडवून दुसरी भरेपर्यंत
चोर चहा पिऊन जाईल, पागनीस मॅडम.
मीही दर वेळचंच हसले.
वारसाने आलेली वस्तू. बाबांच्या नावावरून माझ्या नावावर
यायला तिला दोन वर्षं लागली, आणि ती चालत नाही
हे मला परवा कळलं.

लईक मिस्त्रींच्या दुकानात अकरा मशिनी,
एका मशिनीवर अर्धा शिवलेला परकर तसाच.
त्यांनी खटका दाबून नळी मोडली,
उजेडाकडे धरून आत पाहिलं,
"नळी तर आरशासारखी आहे. रोज तेल द्यायचं कुणी?"
"बाबा. दर दसऱ्याला. आणि अधूनमधून."
मग घोडा उतरवला, सुई काढली,
शिलाईच्या सुयांच्या डबीत ठेवता ठेवता थांबले.

"ये टूटी नहीं है. घिसी गई है.
और ये हाथ अब्बा का है."
डावखुरे होते ते. कानस उलटी चालायची.
सुईच्या टोकावर त्या तिरक्या रेघा,
भिंगातून मलाही दिसल्या.

मिस्त्री तेव्हा बारा वर्षांचे, भाता ओढायचे.
एक बाई आल्या होत्या, मराठी,
भर मे महिन्यात छत्र्यांची जुडी घेऊन,
आणि त्या जुडीत ही.
म्हणाल्या, दिसायला तशीच राहू दे. फक्त वाजायला नको.
अब्बांनी विचारलं, साहेबांना माहीत आहे?
बाई म्हणाल्या, मिल बंद झालीय.
एवढंच. जणू तेच उत्तर.
पैसे घ्यायला अब्बा तयार होईनात,
तर संध्याकाळी परत आल्या, लोणचं घेऊन.
"राई बहुत थी उसमें. इसीलिए याद है."

मी काडतुसांचा डबा पुढे केला, कशाला ते कळलं नाही.
मिस्त्रींनी फडक्यावर ओतला. सात.
सहा कोरी.
सातव्याच्या बुडाला बारीकशी खूण,
दुधी कोवळा आहे का बघायला
नख लावतात, तेवढीच.

लईक मिस्त्री काही बोलले नाहीत.
टेबलफॅन जरासा माझ्याकडे वळवला.

बाबा त्यानंतर एकोणीस वर्षं जगले.
मंडईत मुळ्याच्या जुडीवरून भांडले,
माझ्या नवऱ्याला कॅरममध्ये लबाडीने हरवलं,
दसऱ्याला पाट मांडून हिला झेंडू वाहिला
आणि आई शेजारी उभी राहून म्हणायची,
पुरे आता तेल, पाटाला डाग पडतात.
ही चालत नाही, असं ते कधी बोलले नाहीत.
का चालत नाही, हे ती.

"नवी सुई घालू? चारशे. परवा मिळेल."
बाहेर कुणीतरी मशीन घेऊन आलं होतं,
टाका सुटतोय म्हणून.
मी म्हटलं, तेल तेवढं द्या.
आहे तीच सुई परत बसवली त्यांनी,
पावती फाडली: सफाई, साठ रुपये.

निघताना विचारलं, ती लोणच्याची बरणी?
त्यांनी फळीवरून काढून दाखवली.
पिवळी-पांढरी चिनी मातीची, आत स्प्रिंगा, चाप, सुटे स्क्रू,
वरून वर्तमानपत्र दोऱ्याने बांधलेलं.

झाकण आमच्याकडे आहे.
विरजणावर घालते मी ते, इतकी वर्षं.