चकती

दिवसभर मी दुसऱ्यांचे आकडे वाचतो,
वाळपईच्या बाजारापासून रानाकडच्या शेवटच्या घरापर्यंत.
कुत्री ओळखतात. माणसं दार लोटून घेतात.
पूर्वी मीटरच्या काचेआड चकती फिरायची,
तिच्या काठावरचा काळा डाग कितीदा येतो ते मोजलं
की कळायचं, या घरात आत्ता काय काय चालू आहे.
आता चकती नाही.
लाल ठिपका लुकलुकतो, बस.

माझ्याकडे मात्र चकत्या आहेत अजून. पाच.
डिस्कस.
म्हापशाच्या कायतानने दिल्या तेव्हा म्हणाला होता,
यांना पाणी तीसचं लागतं, राजाच्या न्हाणीसारखं.
तेव्हा मे महिना होता. मी हसलो होतो.

जानेवारीत म्हादईवरून धुकं चढतं,
नळ्यांच्या फटींतून घरात येऊन बसतं.
पहाटे ओट्यावर सोळा.
सोळा म्हणजे काही हिमालय नव्हे,
पण तीनशे वॅटची काचेची कांडी रात्रभर पेटते, विझते,
पेटते,
आणि सुलक्षा अंथरुणात पडल्या पडल्या मोजते.
डिसेंबरचं बिल तिने देवघरात ठेवलं,
मुद्दाम,
जिथे माझे हात रोज जोडले जातात.

ज्याचं बिल फुगतं त्याला मी विचारतो,
'फ्रिजचं दार नीट लागतं ना?'
मला कोणी विचारायचं?

म्हणून एका रविवारी टाकी खिडकीतून हलवली.
अर्धं पाणी बादल्यांत, मासे पातेल्यात,
चुलीच्या भिंतीला पाठ लावून ठेवली पुन्हा.
पारा खाली आणला, दोन दिवसांनी एकेक अंश,
चोराने शिडी उतरावी तसा.
कायतान फोनवर ओरडला, 'अठ्ठावीसच्या खाली नको हां!'
अठ्ठावीसवर थांबलो.
वर काच टाकली. कळलं,
इतके दिवस मी आढ्याला वाफ पाजत होतो.

आणि मग एस्पेरांस.
तिच्या मासळीच्या पाटीमागे थर्माकोलची खोकी पडलेली,
बर्फ वितळलेला, तळाशी खवल्यांचं चांदीचं पाणी.
किती द्यायचे, विचारलं.
'व्हर रे, फुकट.'
स्कूटरला बांधून आणली, चिंच आणि राख लावून घासली,
उन्हात टाकली, पुन्हा घासली.
सुरीने कापताना पांढरे दाणे सगळ्या अंगणभर.
मागची बाजू, दोन कडा, तळ,
समोरची काच तेवढी उघडी.
काल ज्याने मेलेल्या बांगड्यांना गार ठेवलं
तेच आज जिवंत माशांना ऊब धरून ठेवतं,
त्याला काय फरक,
ते फक्त मधे उभं राहतं.

रात्री वरून जुनी वाकळ घालत होतो.
सुलक्षा दारात.
'मला कधी एवढं नीट पांघरूण घातलं नाहीस.'
मी म्हटलं, तुझा थर्मोस्टॅट बिघडलेला आहे,
उन्हाळ्यातसुद्धा तापतेस.
ती हसली नाही.
मग वाकळीचा एक कोपरा तिनेच आत खोचला.

आता कांडी विझली की बराच वेळ विझलेली राहते.
सुलक्षा मोजायला लागते,
चाळीस, एक्केचाळीस,
आणि तिचा आकडा मधेच कुठेतरी झोपेत बुडतो.
मी जागा. कान पेटण्याच्या बारीक टिकेकडे.
येत नाही.

स्वतःच्या घराचं रीडिंग मी घेत नाही,
ते बाबुसो घेतो, असं आम्हीच ठरवलेलं.
परवा आला. मान वर करून आकडा पाहिला,
मागचा पाहिला, पुन्हा वर पाहिलं.
'तेहेतीस कमी. तारेला आकडा तर नाही ना टाकलास?'
मग नाक वर करून घरात हुंगलं.
'आज बांगडे भाजताय?'

मी त्याला टाकीपुढे नेलं.
पाच चकत्या
वासाच्या भिंतीआड, अठ्ठावीस अंशांत,
फिरत नव्हत्या.
नुसत्या
तरंगत होत्या.