मागची पानं

सातपूरची शाळा. सहावी ब. बाक क्रमांक सात.
प्रज्वल गांगुर्डे.
माझ्या लाल वहीत जूनपासून
एकट्याच्या नावाची अकरा पानं:
शिट्टी. खडू फेकला. आरिफच्या डब्यात वाळू.
बाक वाजवतो. बाक वाजवतो. बाक वाजवतो.

जुलैत एकदा हात उचलला मी.
तो रडला नाही. गाल चोळत म्हणाला,
"पप्पांचा याच्यापेक्षा जोरात बसतो, बाई."
त्या दिवशी वर्ग दिवसभर शांत होता
आणि मला त्या शांततेची किळस आली.

प्रशिक्षणात सांगितलं होतं,
एका तक्रारीमागे पाच कौतुकं.
आम्ही चिवडा खात माना डोलावल्या होत्या.
सांगणाऱ्यांनी हा मुलगा पाहिला नव्हता.

तरी वही उलटी केली.
शेवटच्या पानावर तारीख घातली, लिहिलं:
काही नाही.
मंगळवारी: काही नाही.
बुधवारी: गैरहजर, त्यामुळे वर्ग...
(हे खोडलं.)
गुरुवारी: पेन्सिल मागून घेतली, हिसकावली नाही.
शुक्रवारी: नळ बंद केला. तो तिथूनच येत होता.

मधल्या सुट्टीत त्याला गाठलं, जिन्याखाली,
चारचौघांत नाही, हळूच म्हटलं,
"नळ बंद केलास, मी पाहिलं हं."
तो असा बिचकला
जसा काही माझा हात पुन्हा वर गेलाय.

मग एका संध्याकाळी
कारखान्यांच्या गल्लीतून बस स्टॉपकडे जाताना
पत्र्याच्या शेडमधून ऐकू आला
बाक क्रमांक सातचा ठेका:
धप्, धप्, खट.
धप्, धप्, खट.
प्रेसवर त्याचे वडील,
आणि दाराशी रिकामा डबा मांडीवर घेऊन तो.
"तासाला नऊशे वायसर पडतात, बाई,
म्हणजे मिनिटाला पंधरा."

भागाकार येत नाही, असं
माझ्याच अक्षरात होतं चौथ्या पानावर.

बागूल सरांकडे त्याच्यासाठी घंटा मागितली.
सर म्हणाले, "माकडाच्या हाती कोलीत."
पहिल्याच दिवशी गणिताचा तास
सात मिनिटं आधी संपला,
अख्खी शाळा मैदानात, आणि सर
काही न बोलता माझ्याकडे बघत उभे.
घंटा काढून घेणं सोपं होतं.
मी माझं घड्याळ काढून त्याच्या हातावर बांधलं,
शेवटच्या भोकात पट्टा, तरी सैल.
वाजवायच्या वेळा त्यालाच लिहायला लावल्या.
एक चुकली होती. त्यालाच सापडली.

दिवाळीनंतर वही टेबलावर राहिली.
परत आले तर मागचं पान उघडं,
माझ्या ओळीखाली वाकडं, खोल रुतलेलं अक्षर:
"बाई त्या शुक्रवारी नळ मी नाही बंद केला
आरिफने केला"

पुष्कळ वेळ पेन हातात धरून बसले.
खोडायचं काय, माझी ओळ की त्याची?
दोन्ही ठेवल्या.

आज पुढच्या बाजूला बारावं पान लागलं:
ग्रंथालयाची काच, चेंडूने.
मागच्या बाजूला साडेतीन.
बाक अजून वाजतो,
मी फळ्याकडे तोंड करून कधीकधी
त्याच ठेक्यावर पाढे लिहिते.

आता घंटा होतेय.
वेळेवर की आधी, कोण जाणे.
माझं मनगट मोकळं आहे.
"पुस्तकं मिटा," मी म्हणते.