तीस मिनिटं

ऑगस्टात गाडी बंद पडायची ती ठरलेल्या जागी:
हेज गाव संपून धान्याचे सिलो मागे पडले
की दगडी खांबांच्या कुंपणापाशी.
तासाभराने, इंजिन गार झालं की, निमूट चालू,
जणू काही झालंच नव्हतं.
मागे मातीचे नमुने, पिशव्यांवर शेतांची नावं,
आणि मी कॅन्ससच्या वाऱ्यात बॉनेट धरून उभी.

आधी पंप बदलला. मग सेन्सर, मग दुसरा सेन्सर.
आग सोमेश्वरी, बंब रामेश्वरी,
आणि प्रत्येक बंबाचं बिल वेगळं.
शेवटी शेजारचे डेल्मर ड्राइलिंग, रेल्वेतून रिटायर,
खांद्याचं ऑपरेशन झालेलं, एक हात झोळीत,
कुंपणावरून म्हणाले, डबीला ठोकून बघ.
बॅटरीच्या बाजूला, ॲल्युमिनिअमची, वहीएवढी.
मी पान्याच्या मुठीने ठोकलं. दोनदा.
गाडी सुरू.
पुढचे तीन आठवडे मी ती तशीच चालवली,
लाज वाटत नाही सांगायला.
मग एकदा फाटकात, रुळांच्या सहा फूट अलीकडे
ती गप्प झाली, आणि मालगाडीचे
एकशे चौदा डबे मी मोजले.

दुसरी डबी आली नेब्रास्काहून, भंगारातल्या पिकअपची,
माझ्या गाडीचा सतरा अक्षरी नंबर तिच्यात गोंदून.
शनिवारी सकाळी डेल्मर खुर्ची घेऊन आले.
हात माझे, अक्कल त्यांची.
आधी निगेटिव्ह काढ. आता लोखंडाला हात लाव,
अंगातली वीज जाऊ दे.
दहाचे चार बोल्ट. चौथा गंजलेला.
त्याला त्यांनी जर्मनमध्ये शिवी हासडली.
लहानपणी घरात हेच बोलायचे, म्हणाले,
माझ्याकडे आता एवढंच राहिलंय.
मी माझ्याकडची एक दिली. बोल्ट सुटला.
कुणाच्या शिवीने, ते ठरलं नाही.

निळा जोड निळ्यात, हिरवा हिरव्यात.
खटका ऐकू आला पाहिजे,
डोळ्यांचं काही खरं नाही.

मग किल्ली फिरवली, आणि थांबलो.
नवी डबी किल्लीला ओळखत नाही.
दहा मिनिटं किल्ली नुसती फिरवून ठेवायची
समोरचा कुलपाचा दिवा विझेपर्यंत.
मग बंद. मग पुन्हा दहा. मग पुन्हा.
चोर इतका वेळ बसणार नाही, असा हिशोब.

पहिल्या दहात डेल्मर गव्हाच्या भावाबद्दल बोलले.
दुसऱ्या दहात विचारलं, किती वर्षं झाली इथे?
अकरा.
परत जायचं आहे?
दिवा अजून विझला नव्हता.
मी त्याच्याकडे बघत राहिले, तेही.
तिसऱ्या दहात कुणीच काही बोललं नाही.
पलीकडे कुणी तरी गवत कापत होतं, ते थांबलं.

सुरू झाली, पण उगाच चढ्या आवाजात.
जुनीला माझ्या पायाची वीस हजार मैलांची सवय,
ही कोरी. पहिल्याच स्टॉपला गचकली.
जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही म्हणतात;
गेल्यावर किती अडतं, ते म्हणीत नाही.
पन्नास मैल चालव, शिकेल.
मी साठ चालवली. दगडी खांब आले, गेले,
पाय ॲक्सिलरेटरवर अवघडलेला.

जुनी डबी परत केली की पंच्याहत्तर डॉलर मिळतात.
सोमवारी पोस्टात नेली.
काउंटरवरच्या बाईंनी नेहमीचं विचारलं:
नाजूक, पातळ, नासणारं, धोक्याचं काही?
काही नाही, म्हटलं,
आणि खोकं पुढे सरकवता सरकवता
बोटाच्या पेराने ठोकलं.
दोनदा.