कारणाचा रकाना

सव्वापाच. सरोवर अजून शिशाच्या रंगाचं.
ओगोला जुन्या जीपमधून धावपट्टीची फेरी मारतो,
दिव्यांच्या दोन ओळींमधून.
वहीत: डांबरावर एक खिळा, उचलला.
सरोवराकडच्या टोकाला मराबू करकोचे, सात.

टकले, गळ्याशी लोंबती पिशवी,
पेन्शनच्या रांगेतल्या कारकुनांसारखे उभे.
तो भोंगा वाजवतो. ते वळून बघतात.
फटाका फोडतो. मग उपकार केल्यासारखे उडतात
नि कुंपणापल्याडच्या उकिरड्यावर जाऊन बसतात.
उकिरडा नगरपालिकेचा.
पाचवी तक्रार मार्चमधली. उत्तर नाही.

त्याचा आजा वल्हं मारायचा.
तेव्हा विमानं पाण्यावर उतरत,
पोटाने सरोवर उसवत,
आणि आजा साहेबमडमांना होडीतून काठाला लावायचा.
एकदा एक छत्री बुडाली, त्याने सूर मारून काढली.
बक्षीस: भोकाचं नाणं.
नाणं त्याच संध्याकाळी खर्चलं,
भोक तेवढं घरात उरलं, असं ओगोला सांगतो
आणि स्वतःच आधी हसतो.

मग मुरूम आला, रोलर आला, डांबर.
टेकडीकडून तीन शेतं मोजून गेली.
पत्र्याच्या शेडला काचा लागल्या,
काचांना सरकतं दार,
ते पहिल्या वर्षी बकऱ्यांनाही उघडायचं.

आता दिवसाला नऊ विमानं.
नैरोबीहून उतरतात कोट, लॅपटॉप, इस्पितळाच्या फायली.
इथून चढतात बर्फातले मासे.
आणि शुक्रवारी पोटातून येतात शवपेट्या:
शहरात जगलेले, पुरायला मात्र घरच्या मातीत.

टॉवरमधून अकेयो विचारते, पट्टी मोकळी?
मोकळी, तो म्हणतो.
एकवीस वर्षं, हाच शब्द.
विमानात तो कधी बसला नाही.
धाकटा ओतियंडे म्हणायचा, तिकीट पाठवतो,
एकदा वरून बघ तुझी पट्टी,
कंगव्याएवढी दिसते.

आज शुक्रवार.
सुट्टी देत होते, त्याने घेतली नाही.
सात पन्नास. ढगातून दिवे दिसले.
पट्टी मोकळी?
त्याने बटण दाबलं, शब्द आला नाही.
पट्टी मोकळी, ओगोला?
विमानाने सरोवरावर एक घिरटी घेतली,
आत धाकटा.
अकेयोने तिसऱ्यांदा विचारलं नाही, नुसती थांबली.
मोकळी, तो म्हणाला.

वहीत: उशीर, चार मिनिटं.
कारणाच्या रकान्यात त्याने लिहिलं, पाखरं.
सातही उकिरड्यावर होती.